मेलेल्या पाइपसारखा नवा पाइप

आमच्या दुकानात येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस हातात एक मेलेला पाइप घेऊन येतो. तोंडाला चिंधी बांधलेली असते, तरी तेल ठिबकत असतं. कधी मधेच फुगा आलेला असतो, कधी वरचं रबर सोलून आतली तार बाहेर आलेली असते. तो पाइप काउंटरवर टाकतो आणि म्हणतो, "इसी के जैसा बना दो." त्यापुढे तो काही सांगत नाही. आणि आमच्या धंद्याची रीत अशी की आम्हीही पुढे काही विचारत नाही. लांबी मोजायची, जाडी मोजायची, दोन्ही टोकांचे आटे बघायचे आणि तसाच नवा करून द्यायचा. याला सगळे सॅम्पल म्हणतात. सॅम्पल आणा, माल न्या.

जो पाइप फुटला त्याच्यासारखाच दुसरा हवा! सहा वर्षं मी हे वाक्य ऐकते आहे आणि आता दर वेळी माझं डोकं तापतं.

"तुमच्या मुलीची नोकरी जरा वेगळी आहे, तिला गमतीदार अनुभव लिहायला सांगा," असा निरोप दिवाळी अंकासाठी आईकडे आला. आईकडेच आला, कारण इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला मी गेले तरी शेवटच्या ओळीत बसते आणि चहा व्हायच्या आत निघते. गमतीदार अनुभव आहेत, ते सांगते. पण एक गमतीदार नाही, आणि तो सांगता येईल म्हणूनच मी हो म्हटलं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालं. मराठी घरात बोलण्यापुरती. त्यामुळे हे लिहिताना पुष्कळ शब्द आईला विचारले. तिनं ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि राग तसाच ठेवला.

दुकान आमच्या शहरातल्या अधारताल भागात, मेन रोडवर आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, बागेला पाणी घालायचे पाइप विकत असतील. आमचे पाइप पाण्याचे नाहीत. जेसीबीचा हात वर जातो, डंपरची ट्रॉली उलटते, कारखान्यातला प्रेस खाली दाबतो, ते सगळं तेलाच्या जोरावर चालतं. पंप तेलाला दाबतो आणि ते दाबलेलं तेल रबरी पाइपातून जिथे जोर हवा तिथे पोचतं. तुमच्या स्कूटरच्या टायरमध्ये हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो. आमच्या पाइपात त्याच्या शंभर पट जोर असतो. नुसतं रबर तो जोर सोसू शकत नाही, म्हणून रबराच्या आत पोलादी तारेची जाळी विणलेली असते. एक जाळी असेल तर सिंगल वायर, दोन असतील तर डबल. वरून बघाल तर दोन्ही काळेच. दोन्ही टोकांना लोखंडी फिटिंग बसवतात, त्यावर एक टोपण चढवतात आणि ते टोपण मशीनमध्ये चारी बाजूंनी दाबून पक्कं करतात. एवढाच आमचा धंदा. पण यातलं एकही काम चुकलं तर पाइप चाबकासारखा फिरतो, नाहीतर तेल आग पकडतं. तिसरंही एक होतं. त्याच्याकडे येतेच आहे.

मेकॅनिकलची डिग्री घेऊन मी इथे कॉम्प्युटर सांभाळायला लागले. सेठजींनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, हळूहळू मला काउंटरवर आणलं, कारण कॅटलॉग इंग्रजीत असतात आणि ते मला वाचता येतात. सेठजी वाईट माणूस नाहीत हे आधीच लिहून ठेवते. मला "बिटिया" म्हणतात, आईला बरं नव्हतं तेव्हा महिनाभर लवकर घरी सोडलं. वाईट माणसावर रागावणं सोपं असतं.

पहिलं वर्ष "भैया को बुलाओ" ऐकण्यात गेलं. भैया म्हणजे आमचा मुकेश, तो पाइप कापतो आणि मशीन चालवतो. गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून मागे बघायचं आणि त्याला हाक मारायचं. मुकेश यायचा, पाइप हातात घ्यायचा, आणि तिथेच सगळ्यांसमोर मला विचारायचा, "दीदी, कौन सा लगेगा?" गिऱ्हाइकाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा. मी मात्र बघायचे नाही. मी खाली मान घालून व्हर्नियरच्या मापपट्टीनं मोजत असायचे.

एक डेअरीवाले होते. त्यांना वाफेसाठी पाइप हवा होता आणि ते पाण्याच्या पाइपचं सॅम्पल घेऊन आले होते. महिन्याला एक पाइप वितळत होता आणि महिन्याला एक ते तसाच घेऊन जात होते. मी म्हटलं, वाफेचा पाइप वेगळा असतो, आतलं रबरच वेगळं असतं. ते म्हणाले, "मैडम, भाप भी तो पानी ही है." याला काय उत्तर द्यायचं? मी कॅटलॉग उघडून तापमानाचा आकडा दाखवला. आकडा त्यांना पटला. मी पटले नाही, आकडा पटला.

दुसरे एक कॅटलॉग वाचणारे होते, ते जास्त धोक्याचे. पाइपावर दोन आकडे असतात. एक रोज किती जोरावर चालवायचा, दुसरा किती जोरावर फुटेल. दुसरा आकडा पहिल्याच्या चौपट असतो. ही चौपट आपल्यासाठी नसते. प्रेस दर वेळी खाली दाबतो तेव्हा तेलाचा एक हातोडा पाइपात बसतो. दिवसाला हजारो हातोडे, शिवाय वाकणं, घासणं, उन्हात तापणं. त्या सगळ्यासाठी ती चौपट राखून ठेवलेली असते. पण लोक तो दुसरा आकडा वाचतात आणि म्हणतात, "फटेगा तो छह सौ पे, अपना तो दो सौ ही है." हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुढे सेठजी बोलणार आहेत.

आता देवराव काका. बाबांच्या बरोबर संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर होते. चेरीतालला राहतात. रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून औद्योगिक वसाहतीत सिमेंटचे ब्लॉक करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मशीन सांभाळायला लागले. फूटपाथवर बसवतात ते ब्लॉक. तिथे मोठा प्रेस होता. काका दुकानात आले की सेठजी खुर्ची द्यायचे, कारण सेठजींना जे आटे ओळखायला गेज, म्हणजे दातेरी मापपट्टी, लागायचं ते काका नखानं ओळखायचे.

मला ते त्यांनीच शिकवलं. नवी असताना एक फिटिंग हातात घेऊन मी ड्रॉवरमध्ये गेज शोधत होते.

"गेज ठेव बाजूला," काका म्हणाले. "नख आहे न तुले?"

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख त्यांनी आट्यांवरून टोकापर्यंत ओढलं. टिक-टिक-टिक असा बारीक आवाज आला. "चौदा," म्हणाले. इंचात चौदा आटे. मी नंतर गेज लावून बघितलं, चौदाच होते.

"पण खरी गंमत आयक," ते म्हणाले. "इंग्लंडचं अर्ध्या इंचाचं फिटिंग असते, त्याले चौदा. अमेरिकेचं असते, त्याले बी चौदा. दोघं एकमेकात जाते बी. नखाले फरक कळत नाही. मंग काय करायचं? पाना न लावता, नुसत्या बोटानं फिरवून पाहायचं. प्रामाणिक असंन तं शेवटपर्यंत जाते. बेइमान असंन तं दोन-तीन फेऱ्यात अडते. अन अडलं का लोक काय करते?"

"पाना लावतात," मी म्हटलं.

"पाना लावते, टेप गुंडाळते, अन मंग म्हणते फिटिंगच खराब होतं!" काका मोठ्यानं हसले. मला कॉलेजच्या चार वर्षांत कुणी हे असं सांगितलं नव्हतं. तेव्हापासून मी उजव्या हाताचं पहिलं नख थोडं वाढवते.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळी दुकान नुकतंच उघडलं होतं. काका घाईनं आले, शर्टावर तेल, हातात मेलेला पाइप. प्रेस बंद पडला होता, ब्लॉकचा माल त्याच दिवशी जायचा होता आणि काकांचा मालक दर पाच मिनिटांनी फोन करत होता.

"तसाच दे बेटा. जल्दी."

पाइप चार सूत, म्हणजे अर्धा इंची. मी टोकाचं रबर कापून बघितलं. सिंगल वायर. मला ते बरोबर वाटलं नाही.

"काका, प्रेस कितीवर चालतो?"

"काटा दोनशे दहाले जाते. काहून?"

त्या मापाच्या सिंगल वायरची मर्यादा एकशे साठ असते. तिथे डबल वायरच पाहिजे. मी टोपण पुसलं, तर त्यावर आमच्याच दुकानाचा ठसा आणि दोन वर्षांपूर्वीची तारीख. तेव्हा कुणीतरी सॅम्पल आणलं असणार, आणि आमच्याकडे बाहेरची जाडी आणि आटे बघून सिंगल वायर बसवली गेली असणार. एकदा चूक झाली की पुढे ती आपोआप चालते. चुकीचा पाइपच पुढच्या पाइपचं सॅम्पल होतो.

मी तीन पावलं मागे जाऊन सेठजींना हळूच सांगितलं. हळूच, कारण काका समोर उभे होते आणि चूक दुकानाची होती. आता लिहिताना त्या "हळूच" शब्दाचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

"डबल का रोल तो परसों आएगा नागपूर से," सेठजी म्हणाले. "अभी जो सॅम्पल है, वो दे दो."

"सर, दो सौ दस पे चलता है."

"बिटिया, फटेगा तो छह सौ पे. और देखो, ठप्पा किसका है? अपना ही है ना? दो साल चला ना? दो-तीन दिन में कौन सा पहाड़ टूटेगा. माल आते ही बदल देंगे."

मी काकांना म्हणू शकले असते की दुसऱ्या दुकानात जा, तिथे डबल मिळेल. तेवढं एक वाक्य होतं. मी ते मुकेशलाही म्हटलं नाही. मी लांबी मोजून दिली, मुकेशनं पाइप कापला, टोपण चढवलं, मशीनमध्ये दाबलं. आणि मला बोलता येत नाही तेव्हा मी जे करते ते केलं. लिहिलं. जाड पांढऱ्या कार्डावर तीन ओळी लिहिल्या. एकशे साठ बारच्या वर चालवू नये. हा पाइप तात्पुरता आहे, तीन दिवसांत बदलावा. गळती हातानं तपासू नये.

इंग्रजीत लिहिल्या.

काहून, असं तुम्ही विचाराल. कारण मला तेच पटकन येतं. कारण माझं देवनागरी अक्षर तिसरीतल्या मुलासारखं आहे आणि ते दुकानात कुणी बघू नये असं मला वाटायचं. कॅपिटल अक्षरांत, काळ्या मार्करनं, सुंदर लिहिलं. खाली रेघही मारली. बारीक तारेनं ते कार्ड पाइपला बांधलं.

काकांनी पाइप उचलला, कार्ड उलटसुलट बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! कंपनीचं कार्ड बी आहे. मंग तं ओरिजनलच माल!"

कार्ड तेलानं खराब होऊ नये म्हणून त्यांनी ते तारेतून सोडवलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

मी काउंटरच्या या बाजूला उभी होते. आमच्यात दोन हातांचंही अंतर नव्हतं. काका चुकीचं समजले हे मला त्याच क्षणी कळलं होतं. "काका, ते गॅरंटीचं नाही" एवढे चार शब्द. पण मागे सेठजी ऐकत होते, शेजारी दोन गिऱ्हाइकं उभी होती, काकांचा फोन पुन्हा वाजला, आणि मी हसले. माझं हसणं म्हणजे होकार असं ते समजले. ते गेले.

तिसऱ्या दिवशी नागपूरहून रोल आला. मी त्याच दुपारी डबल वायरचा पाइप तयार करून घेतला, काकांचं नाव लिहून खिळ्याला टांगला. काका आले नाहीत. आठवड्यानं मी सेठजींना म्हटलं, त्यांना बोलवायला पाहिजे. "आएगा तो दे देना," ते म्हणाले. आणखी आठवड्यानं पुन्हा म्हटलं. "चल रहा होगा, तभी तो नहीं आया." यातही एक तर्क होता, आणि मी तो मान्य केला. फोन करायला काकांचा नंबर बाबांकडे होता. मला फोनवर बोलणं जड जातं. पाइप खिळ्याला लटकत राहिला. रोज सकाळी शटर वर गेलं की आधी तोच दिसायचा.

तीन आठवडे झाले आणि ब्लॉकच्या कारखान्याचा सुपरवायझर आला. काउंटरवर पाइप टाकला.

"इसी के जैसा बना दो."

आमचा ठसा. मुकेशच्या हातचं काम. मधोमध, वाकतो त्या जागी, सुईनं टोचल्यासारखं एक भोक. कार्ड अर्थातच नव्हतं.

"देवराव दादा क्यों नहीं आए?" मी विचारलं.

"अरे, उनका तो हाथ गया ना." तो हे मोबाइल बघत बोलला. "परसों पाइप से धुआँ जैसा निकल रहा था. दादा ने हाथ फेर के देखा कहाँ से है. ज़रा सा चुभा. बोले, कुछ नहीं. रोटी-वोटी खाई, काम भी किया. रात भर में हाथ ये मोटा. कल ऑपरेशन हुआ."

जे या धंद्यात नाहीत त्यांच्यासाठी सांगते, कारण धंद्यातल्यांनाही हे माहीत नसतं. सुईएवढ्या भोकातून दोनशे बारनं निघणारं तेल दिसत नाही, नुसतं धुकं दिसतं. त्यावर हात फिरवला तर तेल कातडीतून आत घुसतं, हातमोजा असला तरी घुसतं. बाहेर काट्याएवढी खूण. सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र तेल बोटाच्या पोकळीतून तळव्यात आणि मनगटाकडे पसरतं आणि मांस मारत जातं. त्या क्षणी मोठ्या हॉस्पिटलात जायचं असतं, तासाभरात, आणि डॉक्टरला सांगायचं असतं की कातडीखाली तेल गेलं आहे. काका कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले. त्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं. गळती शोधायची असेल तर मशीन बंद करून आधी तेलाचा दाब काढून टाकायचा. बंद करणं शक्यच नसेल तर लांबून पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. पुठ्ठा! ब्लॉकच्या कारखान्यात पुठ्ठ्यांचा ढीग असतो.

कार्डाची तिसरी ओळ हेच सांगत होती.

मी खिळ्यावरचा पाइप काढला आणि सुपरवायझरच्या हातात दिला. त्यानं तो दाबून बघितला.

"ये तो मोटा है, दीदी. सॅम्पल जैसा नहीं है."

तुम्हाला वाटेल मी तेव्हा ओरडले असेन. नाही. मी मेलेला पाइप ओढून काउंटरखाली ठेवला. तो म्हणाला, सॅम्पल वापस दो. मी मान हलवली. नाही.

सेठजींनी कपाळाला हात लावला. "मैंने तो दो-तीन दिन ही बोला था," ते म्हणाले. आणि खरंच, ते तेवढंच बोलले होते. संध्याकाळी त्यांनी काकांकडे फळं पाठवली. ती पिशवी बघून माझं अंग जळलं.

दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर हॉस्पिटलात गेले. काकांचा उजवा हात कोपरापर्यंत उघडून साफ केला होता. पहिलं आणि मधलं बोट काढावं लागलं होतं. पट्टीच्या आकारावरूनच ते कळत होतं. पहिलं बोट. नखाचं.

काका मला बघून उठायला लागले. "आली का? बरं झालं. अवं, तो शर्ट दे माझा." काकूंनी पिशवीतून शर्ट काढला. काकांनी डाव्या हातानं खिसा चाचपला आणि कार्ड बाहेर काढलं. कोपरा थोडा दुमडला होता, बाकी स्वच्छ. माझी सुंदर कॅपिटल अक्षरं.

"सांभाळून ठेवलं बरं हे," ते म्हणाले. "एका महिन्याच्या आत फुटला पाइप. गॅरंटीत बदलून देशीन न? नाही तं मालक माझ्यावर येते, की देवरावनंच खराब माल आणला."

बाबांनी कार्ड हातात घेतलं, वाचलं, आणि माझ्याकडे दिलं. मी काकांना ते वाचून दाखवलं. तिन्ही ओळी, मराठीत. तिसरी ओळ वाचताना काकांनी स्वतःच्या पट्टीकडे बघितलं.

"मंग तेव्हा वाचून काहून नाही दाखवलं?"

ते रागावले नव्हते. खरंच विचारत होते. मशीन का बंद पडलं हे जसं विचारतात तसं.

मी कार्डाचा दुमडलेला कोपरा सरळ करत बसले. काकू खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तेव्हा मराठी येत नव्हती वाटते तिले."

घरी येताना बाबा म्हणाले, त्या बाईचं मनावर घेऊ नको. मी मनावर घेतलं. अजून घेतलेलं आहे. मला सेठजींचा राग येतो, कारण त्यांना सगळं माहीत होतं. प्रेसच्या मालकाचा येतो, त्यानं काकांच्या जागी दुसरा माणूस आठ दिवसांत ठेवला. त्या दवाखान्याचा येतो. पण हे सगळे राग मी आईजवळ बोलून टाकते आणि रात्री झोपते. माझ्या त्या हसण्याचा राग बोलून जात नाही.

सोमवारी मी दुकानात गेले, काउंटरखालचा पाइप काढला आणि मुकेशला न सांगता स्वतः कटिंग मशीनवर धरला. भोकाच्या जागी मधून कापला. आतली जाळी त्या जागी मोडून विस्कटली होती, पाच-सहा तारा तुटून टोकं वर आलेली. तीन आठवडे रोज हजारो हातोडे, आणि सोसायला एकच जाळी; आधीचा दोन वर्षं टिकला ते नशीब. दोन्ही तुकडे मी काउंटरवर ठेवले. सेठजींनी बघितले. उचला म्हणाले नाहीत.

तेव्हापासून आमच्या दुकानातून मेलेला पाइप परत जात नाही. आला की आधी कापते. म्हणजे पुन्हा कुणी त्याचं सॅम्पल करू शकत नाही. मग विचारते. काटा कितीवर जातो, आतून काय वाहतं, किती गरम, कुठे वाकतो. उत्तर नसेल तर मशीनवर जाऊन बघून या म्हणते. लोक चिडतात. "पाइप लेने आए हैं कि परीक्षा देने?" एकानं विचारलं. मुकेशनं आतूनच उत्तर दिलं, "परीक्षा ही समझो, फेल होगे तो हाथ जाएगा." काही गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली, तिथे अजून सॅम्पल चालतं. सेठजी कुरकुरतात. पण रोल संपायच्या आत नवा मागवतात, हे मी बघितलं आहे.

पावसाळा संपता संपता काका दुकानात आले. काम नव्हतं, नुसतेच. सेठजींनी खुर्ची दिली. काका डाव्या हातानं चहा प्यायले. मी काउंटरवर एका लोडरवाल्याशी बोलत होते. त्याला घाई होती, त्याच्या मशीनला तीन जागी पाइप लागत होते, आणि त्यातला एक परतीच्या तेलाचा होता. त्या बाजूला जोर कमी असतो, तिथे सिंगल वायर चालते. मी तिन्ही करून दिले. सिंगलवर कार्ड बांधलं. कार्ड आता हिंदीत लिहिते, माझ्या तिसरीतल्या अक्षरात. हा पाइप फक्त परतीच्या बाजूला. पंपाच्या बाजूला लावू नये. गळती हाताने तपासू नये.

लोडरवाल्यानं पाइप उचलले, कार्डाकडे बघितलंही नाही.

"वाच," मागून काका म्हणाले.

मी वळून बघितलं.

"त्याले वाचून दाखव."

मी वाचलं. नेहमीच्या माझ्या आवाजात, म्हणजे कार्डाला ऐकू जाईल एवढ्या. आत मुकेशचं कटिंग मशीन सुरू होतं.

"जोरात वाच पोरी."

मी पुन्हा वाचलं. दुकानात चार माणसं होती, सगळी बघायला लागली. माझे कान गरम झाले. लोडरवाला म्हणाला, "ठीक है दीदी, ठीक है," आणि निघायला वळला.

"रुक रे!" काका त्याला म्हणाले, आणि उजवा हात, जो ते एरवी शर्टाखाली ठेवतात, तो वर केला. माणूस थांबला. "हं. आता वाच."

मी तिसऱ्यांदा वाचलं. मशीनच्या वरून, सेठजींच्या डोक्यावरून, रस्त्यापर्यंत. तिन्ही ओळी. सेठजींनी पेपर खाली ठेवला. मुकेशनं मशीन बंद केलं, तरी शेवटची ओळ मी तेवढ्याच आवाजात वाचली.

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"आयकू आलं," ते म्हणाले. "त्या दिवशी एवढंच पाहिजे होतं."